रक्षणाचा अधिकार आणि खाणींतील स्त्री

दुर्बळाचें रक्षण करणें हें बलवानाचें कर्तव्य होय, याविषयीं सज्जनांत मतभेद नसतो. मतभेद असलाच तर तो रक्षण कशास म्हणावें याविषयीं असतो. आणि नवल असें कीं, या दुसऱ्या प्रश्नाचा विचार पहिल्याच्या मानानें फारच थोडा होतो. ज्याचें आपण रक्षण करूं पाहतों त्याच्या हातांतील भाकरी आपणच काढून घेत नाहीं ना, त्याला आपण एकदां तरी विचारलें आहे काय, आणि आपल्या दयेचा खर्च कोणाच्या पदरांतून जातो, हे प्रश्न दयाळू मनाला सहसा सुचत नाहींत; सुचलेच तर ते त्याला उद्धटपणाचे वाटतात. प्रस्तुत लेखांत हे उद्धट प्रश्नच विचारण्याचा आमचा विचार आहे, आणि त्यासाठीं आम्हीं उदाहरण घेतलें आहे तें बंगाल-बिहारच्या कोळशाच्या खाणींत उतरणाऱ्या स्त्रियांचें.

या कथेचा आरंभ मात्र इंग्लंडांत शोधावा लागतो. यॉर्कशायर परगण्यांतील सिल्कस्टन गांवाजवळ हस्कर नांवाची एक खाण होती. १८३८ च्या जुलै महिन्यांत एके दिवशीं तेथें मोठा पाऊस झाला, ओढ्याचें पाणी खाणीच्या एका वाटेंत शिरलें, आणि बाहेर पडूं पाहणारीं २६ मुलें त्या पाण्यांत बुडून मेलीं. त्यांत ११ मुली होत्या, आणि सर्वांत लहान मूल ७ वर्षांचें होतें. पुढें चौकशी-मंडळ नेमलें गेलें, १८४२ सालीं त्याचा वृत्तांत चित्रांसह प्रसिद्ध झाला, आणि अंधारांत गुडघ्यांवर रांगत, कमरेला सांखळी बांधून कोळशाच्या गाड्या ओढणाऱ्या मुली व बायका सुखवस्तु इंग्रज कुटुंबांनीं प्रथमच पाहिल्या. लॉर्ड अॅश्ले यांनीं पार्लमेंटांत विषय लावून धरला व त्याच सालीं कायदा झाला: सर्व वयाच्या स्त्रियांना आणि १० वर्षांखालील मुलग्यांना खाणीच्या पोटांत काम करण्याची बंदी.

हा कायदा होण्यास पाहिजे होता, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु त्या वेळच्या चर्चेंत एक गोष्ट लक्षांत येते. वाचकांना जितका धक्का त्या स्त्रियांच्या श्रमानें बसला, त्याहून अधिक तो त्यांच्या अपुऱ्या वस्त्रांनीं बसला. चिंता त्यांच्या पाठीच्या कण्याची होती त्याहून अधिक त्यांच्या शीलाची होती. म्हणून त्यांना खाणींतून बाहेर काढल्याबरोबर समाजाचें समाधान झालें. बाहेर आल्यावर त्यांनीं खावें काय, हें कायद्यानें सांगितलें नाहीं. त्यांना नुकसानभरपाई मिळाली नाहीं. कित्येक जणी पुरुषी वेष करून पुन्हां चोरून खाणींत उतरल्या. ज्या दुःखांतून आपण एखाद्याला सोडविलें, त्या दुःखाकडे तो वेषांतर करून परत जातो, तेव्हां त्याला आपण कोणत्या दुसऱ्या दुःखांत लोटलें याचा शोध घेणें अवश्य होतें.

याच गोष्टीची दुसरी बाजू १८८७ सालीं दिसली. लँकेशायरांत खाणीच्या तोंडाशीं, उघड्या हवेवर, कोळसा निवडण्याचें काम स्त्रिया करीत. तें कामही त्यांना बंद करावें असा प्रयत्न झाला, तेव्हां त्या स्त्रियांचें एक शिष्टमंडळ कामाच्या कपड्यांनिशीं लंडनला जाऊन मंत्र्यांना भेटलें. प्रयत्न फसला. १८४२ सालीं ज्यांना कोणीं विचारलें नव्हतें, त्यांच्या नातींनीं न विचारतांच उत्तर दिलें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. राणीगंजच्या मुलखांत कोळसा काढण्याचा पहिला प्रयत्न १७७४ सालीं कंपनी सरकारच्या काळांत सम्नर व हीटली यांनीं केला. द्वारकानाथ ठाकुरांनीं १८३६ सालीं राणीगंजची खाण विकत घेतली. १८५५ सालीं आगगाडी तेथपर्यंत पोंचली, आणि त्या शतकाच्या अखेरीस झरियाचें क्षेत्र उघडलें. या खाणींना माणसें मिळालीं तीं मुख्यतः भोंवतालच्या संथाळ, बाउरी अशा जातिजमातींतून. कित्येक कंपन्यांनीं जमीनदारीचे हक्क विकत घेतले व खाणींत कामास येण्याच्या अटीवर कुळांना जमिनी लावून दिल्या. शेत आणि खाण हीं अशा रीतीनें एकाच दोरीनें बांधलीं गेलीं.

हीं माणसें खाणींत एकटीदुकटी उतरत नसत, कुटुंबच्या कुटुंब उतरे. नवरा कुदळीनें कोळसा तोडी. त्याला तिकडे मलकट्टा म्हणत. बायको तो टोपलींत भरून डोक्यावरून डब्यापर्यंत नेई. तिला कामिन म्हणत. मजुरी भरलेल्या डब्यांच्या संख्येवर मिळे, म्हणजे ती दोघांची मिळून असे. १९२० च्या सुमारास आपल्या देशांतील कोळसाखाणींच्या मजुरांत एक-तृतीयांशाहून अधिक स्त्रिया होत्या, यावरून ही रीत किती रूढ होती तें कळून येईल. हें चित्र रम्य आहे असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. छत कोसळणें, ज्वलनशील वायूचा भडका, पाण्याचा लोंढा, यांना पुरुष आणि स्त्री हा भेद कळत नाहीं. आणि गर्भारपणीं डोक्यावर कोळसा वाहणें ही गोष्ट कोणत्याही सुजाण समाजाला लाजविणारी आहे.

सरकारनें १९२९ सालीं नियम केले. स्त्रियांना खाणीच्या पोटांतील कामाची बंदी झाली. ज्या प्रांतांतील कोळसाखाणी त्यांच्यावरच चालत तेथें ही बंदी दहा वर्षांत क्रमाक्रमानें पुरी करावयाची होती. पुढें १९३५ सालीं आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेनें याच अर्थाचा ठराव केला आणि १९३७ सालीं बंदी संपूर्ण झाली. कुटुंबाची मजुरी मात्र दोन हातांऐवजीं चार हातांच्या हिशेबानें वाढविण्याचा नियम कोणी केला नाहीं. मलकट्ट्याला आतां कोळसा तोडावयाचा आणि भरावयाचाही होता, किंवा भरणारा दुसरा गडी मजुरींत वांटेकरी घ्यावयाचा होता. कामिन वर राहिली. तिला दगड निवडण्याचें, माती वाहण्याचें कमी मोलाचें काम मिळालें तर मिळालें, नाहीं तर नाहीं.

आणि मग युद्ध आलें. लष्करी बांधकामांवर अधिक मजुरी मिळूं लागल्यानें मजूर खाणी सोडून गेले, कोळसा कमी पडला, आणि १९४३ सालीं हीच बंदी सरकारनें मध्यप्रांत, बंगाल, बिहार वगैरे ठिकाणीं उठविली. सहा वर्षांपूर्वीं जें काम स्त्रीच्या देहाला व शीलाला अपायकारक होतें तें एकाएकीं देशसेवेचें झालें. अखिल भारतीय महिला परिषदेनें निषेध केला. त्या वेळीं मजूरखात्याचे मंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. त्यांनीं १९४३ च्या डिसेंबरांत झरियाकडील खाणींना स्वतः भेट दिली होती. मध्यवर्ती विधिमंडळांत १९४४ सालीं त्यांना या निर्णयाचें समर्थन करावें लागलें. बंदी उठविणें ही युद्धाची तात्पुरती निकड आहे असें त्यांचें म्हणणें होतें. परंतु त्याबरोबरच स्त्रियांना पुरुषांइतकीच मजुरी दिली पाहिजे ही अट घातली आहे, हें त्यांनीं आवर्जून सांगितलें. १९४६ च्या फेब्रुवारींत बंदी पुन्हां अंमलांत आली. मजुरीची ती समता जिच्यासाठीं होती, ती स्त्रीच त्या दिवशीं खाणींतून वर काढली गेली.

या इतिहासावरून कोणी असा निष्कर्ष काढील कीं, रक्षणाचे कायदे म्हणजे ढोंग आहे, ज्याला जें काम करावयाचें असेल तें करूं द्यावें. हा निष्कर्ष आम्हांस मान्य नाहीं. उपाशी माणसाची संमति ही खरी संमति नव्हे. पोटाला चिमटा बसला असतां मनुष्य कशालाही हो म्हणतो, आणि त्या होकाराच्या आधारें त्याला वाटेल त्या धोक्यांत घालण्याचा परवाना मालकाला मिळूं लागला तर कायद्याची गरजच उरली नाहीं. शिवाय जन्मास येणाऱ्या बालकाची संमति तर कोणींच घेतलेली नसते. परंतु येथें एक भेद ध्यानांत ठेवला पाहिजे. उपाशी माणसाची निवड स्वतंत्र नाहीं हें खरें. पण त्याच्यापुढील दोन वाईट वाटांपैकीं एक बंद केल्यानें ती स्वतंत्र होत नाहीं. निवड स्वतंत्र होते ती तिसरी, बरी वाट उघडल्यानें. जो कायदा वाट बंद करतो आणि दुसरी उघडत नाहीं, तो मनुष्याचें रक्षण करीत नाहीं, केवळ त्याचें दुःख आपल्या दृष्टीआड करतो.

याची कसोटी पाहावयास आमच्या वाचकांना फार दूर जावयास नको. ज्या १९२९ सालीं खाणींतील स्त्रियांविषयींचे नियम झाले, त्याच सालीं मुंबई इलाख्यांत दुसरा एक कायदा झाला. गिरणींत काम करणाऱ्या स्त्रीला बाळंतपणाच्या आगेमागें कांहीं आठवडे रजा व त्या रजेंत पैसे मिळावे असा तो होता. आसवले यांनीं कायदे कौन्सिलांत त्यासाठीं बिल आणलें होतें, आणि १९२८ सालीं डॉ. आंबेडकरांनीं त्याला पाठिंबा देतांना मातेला विसांवा मिळणें हें राष्ट्राच्याच हिताचें आहे असें प्रतिपादन केलें होतें. या दोन कायद्यांचा हेतु एकच, मातेचें व बालकाचें रक्षण. पण एकानें स्त्रीला कांहीं दिलें, दुसऱ्यानें तिच्याकडून काढून घेतलें. खाणींतल्या स्त्रियांना बाळंतपणाचा भत्ता देणारा कायदा १९४१ सालीं झाला, म्हणजे त्यांना खाणीच्या पोटांतून काढल्यानंतर चार वर्षांनीं. क्रम उलटा असता तर त्या दहा वर्षांच्या दयेवर आमचा अधिक विश्वास बसला असता.

तथापि मुंबईच्या कायद्यांतही एक उणीव होती, आणि ती सांगितल्यावांचून हा विचार पुरा होत नाहीं. पैसे द्यावयाचे ते गिरणीमालकानें. त्यामुळें ज्याला तो खर्च नको होता त्याला स्त्रीला कामावर न घेण्याचें एक नवें कारण मिळालें. डॉ. आंबेडकरांनींही त्या भाषणांत हा भार वास्तविक बव्हंशीं सरकारनें उचलावयास पाहिजे असें म्हटलें होतें, तें यासाठींच मार्मिक आहे. रक्षणाचा खर्च ज्याचें रक्षण करावयाचें त्याच्यावर टाकला तर तो दंड होतो. त्याच्या एकट्या मालकावर टाकला तर मालक त्यालाच टाळूं लागतो. तो खर्च न्यायानें पडावयाचा कोणावर? आमच्या मतें, त्या श्रमाचें फळ जे सर्व जण भोगतात त्या सर्वांवर. १९४४ सालीं कोळशावर कर बसवून खाण-कामगारांच्या हितासाठीं जो निधि उभारला गेला, त्याच्या मुळाशीं हेंच तत्त्व होतें: कोळसा जो जाळील त्यानें तो काढणाराच्या दवाखान्याचाही भार उचलावा.

१९५२ च्या खाणकायद्यानें स्त्रियांवरील बंदी कायम ठेवली. २०१९ सालीं सरकारनें अटींसह ती सैल केली. त्यांतील एक अट अशी कीं, स्त्रीची लेखी संमति पाहिजे. २०२१ सालीं झारखंडांत एक तरुण स्त्री खाण-अभियंता म्हणून भूगर्भांतील खाणींत कामावर रुजू झाली, तेव्हां वर्तमानपत्रांनीं ती गोष्ट कौतुकानें छापली. कौतुक योग्यच होतें. परंतु तिच्या मागें, शंभर वर्षांपूर्वीं, त्याच भूमीच्या पोटांत टोपल्या वाहणाऱ्या हजारों कामिनी होत्या, हें त्या कौतुकांत कोणास आठवलें असेल असें वाटत नाहीं. एकीला विचारून खालीं पाठविलें गेलें. त्या हजारोंना न विचारतां खालीं पाठविलें, न विचारतां वर आणलें, पुन्हां न विचारतां खालीं आणि पुन्हां वर. या दोहोंमधील अंतर शिक्षणाचें आहे, यंत्रांचें आहे, हें कबूल. पण त्याहूनही तें विचारलें जाण्याचें आहे.

म्हणून रक्षणाच्या प्रत्येक कायद्याला, आणि घरोघरींच्या रक्षणालाही, तीन प्रश्न लावून पाहावे असें आम्हांस वाटतें. ज्याचें रक्षण होणार त्याला विचारलें काय? जें काढून घेतलें त्याच्या बदल्यांत कांहीं दिलें काय? आणि रक्षकाची गरज बदलली तरी हें रक्षण टिकेल काय? १८४२ चा कायदा पहिल्या दोन प्रश्नांना उतरत नाहीं. १९३७ ची बंदी तिन्हींना उतरत नाहीं. घरोघरींचें रक्षण म्हणण्याचें कारण असें कीं, मुलीला शिक्षणासाठीं परगांवीं न पाठविणारा पिता, सुनेला नोकरी नको म्हणणारी सासू, याही तिच्या हिताचेंच बोलत असतात. आणि घरांत पैशाची ओढ लागली कीं तीच नोकरी एकाएकीं शोभूं लागते, हाही अनुभव मध्यमवर्गाला नवा नाहीं.

चंद्रपूरच्या वीजकेंद्रांत जळणाऱ्या कोळशावर आपल्यांतील कित्येकांच्या घरचे दिवे लागतात. झरियाजवळच्या चासनाला खाणींत १९७५ च्या डिसेंबरांत पाणी घुसून ३७० हून अधिक माणसें गेलीं, त्यांच्यामागें ज्या स्त्रिया उरल्या त्यांना खाणीच्या अंधारापासून कायद्यानें पूर्ण संरक्षण दिलेलें होतें. त्यांना त्या दिवशीं दुसरें काय उरलें होतें, हें ज्याला सांगतां येईल त्यानेंच रक्षणकर्त्याचें पद घ्यावें. इतरांनीं प्रथम विचारावें, मग द्यावें, आणि बंदी करावयाचीच असेल तर ती सर्वांत शेवटीं करावी.