खंडोबाच्या कुत्र्याचं पान

आमचं कुलदैवत जेजुरीचा खंडोबा. मार्गशीर्षातलं सहा दिवसांचं नवरात्र चंपाषष्ठीला उठतं आणि त्या दिवशी बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, कांद्याची पात असा नैवेद्य होतो. आषाढातल्या कांदेनवमीनंतर बंद झालेले कांदा, लसूण, वांगं त्या दिवशी घरात परत येतात. देवाचं ताट, गाईचा घास आणि तिसरं पान कुत्र्याचं. आमच्या देव्हाऱ्यातल्या टाकावर घोड्याच्या पायाशी कुत्रा आहे. वाघेसुद्धा स्वतःला देवाची कुत्रीच म्हणवत आले. ‘त्याला उपाशी ठेवून मल्हारी जेवत नाही,’ असं सासूबाई म्हणायच्या.

आमच्या गल्लीत काळ्या नावाचा गावठी कुत्रा होता. कुणा एकाचा नव्हता, सगळ्यांचा होता. असेल सोळा किलोचा. एका चंपाषष्ठीला सात घरांनी त्याला पान वाढलं आणि त्यानं सगळी पानं चाटूनपुसून खाल्ली. चौथ्या दिवशी तो आमच्या ओसरीखाली पडला होता. हाक मारल्यावर शेपूट हलली, पण उठवेना. ओठ वर करून पाहिलं तर हिरड्या पांढुरक्या, आणि खालची फरशी चहाच्या रंगाच्या लघवीनं ओली.

जनावरांच्या डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लंय? मी म्हटलं, देवाचा प्रसाद. मग त्यांनी एकेक पदार्थ विचारून घेतला आणि कांद्याशी थांबले. कांदा कच्चा असो, शिजलेला असो की वाळलेला, कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी तो फोडतो. लसूणही तसाच. वजनाच्या दर किलोमागे 15 ते 30 ग्रॅम कांदा बाधायला पुरतो. म्हणजे काळ्याला पाव किलो पुरे. एका घराच्या पानानं त्याला काही झालं नसतं. सात घरांची भक्ती त्याच्या अंगात एकत्र झाली होती.

काळ्या वाचला. पण पुढच्या वर्षी मी म्हटलं, ‘आई, त्याच्या पानात कांदा-लसूण नको,’ तेव्हा सासूबाई दुखावल्या. ‘देवाला एक आणि त्याच्या कुत्र्याला दुसरं? अगं, पंक्तिप्रपंच करायचा का देवाच्या दारात?’

हा प्रश्न मी कित्येक दिवस बाजूला सारू शकले नाही. पंगतीत दुजाभाव करू नये, हे मला मनापासून पटतं. माणसांच्या पंगतींनी जे अपमान केले, ते आठवले की जास्तच पटतं. पण वाढणं सारखं म्हणजे पदार्थ सारखा का? गीतेच्या पाचव्या अध्यायात ज्ञानी माणूस ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा, चांडाळ यांच्याकडे समदृष्टीनं पाहतो असं सांगितलंय. तिथे सारखी आहे ती दृष्टी. हत्तीपुढे कुणी वरणभात ठेवत नाही. एकनाथांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. रामेश्वरासाठी आणलेलं गंगाजल त्यांनी तळमळणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतलं. गाढवाला तहान होती आणि कावडीत पाणी होतं. त्या गोष्टीत मला आता करुणेइतकंच गाढवाकडे नीट पाहणं दिसतं.

भूतयज्ञाचा विधी मनुस्मृतीत आहे. कुत्र्यांचं अन्न जमिनीवर हळूच ठेवावं, असं तिथे म्हटलंय. त्याच ओळीत कुत्र्यांच्या जोडीला ‘पतित’ आणि रोगी माणसं बसवली आहेत, ते मी कधीच मान्य करणार नाही. पण तो ‘हळूच’ मी ठेवून घेतला. हळूच ठेवायचं म्हणजे समोर कोण आहे ते बघून ठेवायचं.

म्हणून आता आमच्याकडे काळ्याच्या वंशजांचं पान असं असतं: बिनमिठाचा रोडगा कुस्करून, वर उकडलेला लाल भोपळा, थोडं गाजर, थोडी उकडलेली फरसबी. उन्हाळ्यात काकडी, बिया काढलेलं कलिंगड, पिकल्या पपईची फोड. सफरचंद दिलं तर बिया आणि गाभा काढून. रोडगा त्यांना परका नाही. माणसाच्या चुलीजवळ राहून राहून लांडग्यापेक्षा कुत्र्याला पिठूळ अन्न जास्त पचू लागलं, हे 2013 साली त्यांच्या जनुकांतून दिसलं. माझ्या दृष्टीनं हेसुद्धा एकाच पंगतीला बसणं आहे, फार जुनं. द्राक्षं आणि बेदाणे मात्र अजिबात नाहीत. त्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात आणि किती खाल्ले तर चालतील, असा भरवशाचा आकडा नाही. त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असं डॉक्टर मानतात. तेच चिंचेत असतं, म्हणून आमटीही बंद. सत्यनारायणाच्या शिऱ्यातले बेदाणे वेचून उरलेला शिरा द्यायचा मोह होतो. तोही नको. एखादा राहतोच.

सासूबाईंनी ‘बरोबर आहे’ असं कधी म्हटलं नाही. पण त्यांच्या शेवटच्या चंपाषष्ठीला, डोळ्यांना फारसं दिसत नसताना, त्यांनी कुत्र्याचं पान माझ्या हातून मागून घेतलं. कुस्करलेल्या रोडग्यातून बोटं फिरवली. पातीचा एक हिरवा तुकडा चिकटून आला होता. तो त्यांनी काढून पदराला पुसला, ‘येळकोट येळकोट’ म्हणाल्या आणि वाकून पान अंगणात टेकवलं.