भीती कुणाला सुचवावी?

‘एखादी भारी हॉरर गोष्ट सुचव ना,’ असा मेसेज आला की आपण लगेच लिंक पाठवतो. फार तर वय विचारतो. पण वयावरून भीतीचं माप खरंच काढता येतं का?

रत्नाकर मतकरींनी मोठ्यांसाठी गूढकथा लिहिल्या आणि मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ हे नाटकही. त्यातल्या चेटकिणीला बघून पोरं किंचाळतात, पण शेजारी आई असते, आजूबाजूची पोरंही तशीच किंचाळत असतात आणि शेवटी दिवे लागतात. गूढकथा आपण एकट्याने वाचतो. ती संपल्यावर दिवा आपला आपणच लावायचा असतो. नुकतंच घरातलं माणूस गेलेल्या चाळिशीतल्या वाचकाला ते जमेलच असं नाही. एखाद्या धीट बारा वर्षांच्या मुलीला जमेलही.

म्हणून वयाआधी विचारावं: सध्या कसं चाललंय? रात्री सोबत कोण असतं? अ‍ॅप पुढची गोष्ट आपोआप सुचवतं, पण आपण घाबरलो तर ते विचारपूस करत नाही. सुचवणाऱ्या माणसाने तेवढं तरी करावं. लिंकखाली एक ओळ लिहावी: ‘मध्येच सोडलीस तरी चालेल. झोप नाही आली तर फोन कर.’