झाकली मूठ, झाकली बाटली

झाकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण ज्याने काढली त्याने आमच्या भाचेरावांची गाडी पाहिलेली नसावी. दिसायला जुनी, पांढरी, पापभीरू. परवा तिच्यातून प्रतापगडाला निघालो. पोलादपूर सोडून आंबेनळी घाट चढू लागलो तोच टायर बसला. मी डिकी उघडली. स्टेपनीच्या खड्ड्यात स्टेपनी नव्हती. गोधडीत गुंडाळलेली एक निळी बाटली होती.

"हे काय रे?"

"नायट्रस ऑक्साईड, मामा. हसवणारा वायू."

दातांचे डॉक्टर १८४४ पासून रोग्याला हुंगवतात तोच हा. इंजिनाच्या उष्णतेने तो फुटतो, जादा ऑक्सिजन देतो, त्यावर जादा पेट्रोल जळते आणि काही क्षण गाडीच्या अंगात मारुतराया संचारतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याला असले फेरफार चालत नाहीत, म्हणून गोधडी.

"महाराजांनीही वाघनखं लपवलीच होती की!" गडाच्या दिशेने हात करून भाचा म्हणाला.

मुद्दा बिनतोड होता. मी दगडावर बसून विचार करू लागलो. स्टेपनी नसल्यामुळे वेळ भरपूर होता. १६५९ साली महाराजांनी वाघनखे लपवली ती शत्रूपासून. याने कोणापासून लपवली? तेवढ्यात वरून एसटी वळण घेत आली. हिचा ड्रायव्हर समोरची गाडी पाहून मनात हिशेब मांडतो : ही म्हातारी इतक्या वेळात इथवरच येणार. त्या भरवशावर तो बसभर माणसे घेऊन वळतो. गाडीचे रूप हा तिने रस्त्याला दिलेला शब्द असतो. डाळीच्या डब्यात पैसे लपवले तर कोणी दरीत जात नाही.

मी हे सगळे बोलून दाखवले. हसवणारा वायू जवळ असूनही भाचा हसला नाही. चाक काढून देताना एवढेच म्हणाला, "मामा, आईला सांगू नकोस हं."

मी मान हलवली आणि चाक पायाशी घेऊन एसटीत बसलो. घाट उतरता उतरता आठवले, ताई दर आठवड्याला याच गाडीतून महाडला बाजाराला जाते. म्हणजे आता गोधडी माझ्या हातात होती!

पोलादपूरला चाक पंक्चरवाल्याकडे टाकले आणि तडक ताईचे घर गाठले.

"एवढ्यात परत? काय झालं रे?"

"पंक्चर," मी म्हणालो. आणि एक आवंढा गिळून पुढचेही सांगितले.