श्रमाचे मोल आणि फलत्यागाचा अधिकार

विद्यार्थ्याने विद्यापीठाच्या नावाने मैदानात घाम गाळावा आणि त्याबद्दल द्रव्य घ्यावे की नाही, हा अमेरिकेतील न्यायालयांच्या दफ्तरांत दीर्घकाळ रेंगाळलेला वाद जून २०२५ मधील तडजोडीने निदान व्यवहारापुरता मिटला, आणि खेळाडूंना थेट मोबदला देण्याची मुभा तेथील विद्यापीठांना मिळाली. पहिल्या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येकी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलर. सोलापुरात ही वार्ता परकी वाटणे स्वाभाविक आहे, कारण २००४ साली स्थापन झालेल्या येथील विद्यापीठाच्या सामन्यांवर तिकिटांचा गल्ला जमत नाही, आणि आंतरविद्यापीठ स्पर्धेस निघालेल्या मुलास गणवेश, प्रवासखर्च व भत्ता मिळाला की संस्थेचे कर्तव्य संपले असे मानले जाते. तथापि या वादाच्या मुळाशी असलेला धर्मप्रश्न गल्ल्यावर अवलंबून नाही: मोबदल्याने साधना मलिन होते काय?

होते, असे म्हणणारे निष्काम कर्माचा दाखला देतात. परंतु गीतेने फलाची आसक्ती सोडण्यास सांगितले ते कर्त्याला. ज्याच्यासाठी कर्म घडले त्याने ते फल परस्पर जप्त करावे, अशी सनद तिने कोणासही दिलेली नाही. जे हाती आलेच नाही त्याचा त्याग कसला? विनामूल्य खेळाचा जो आदर्श आपण सनातन समजतो, त्याची नियमावली एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात सिद्ध झाली, आणि तिच्या आरंभीच्या व्याख्यांत कारागीर व मजूर यांना हौशी खेळाडूंच्या पंक्तीतून उघडपणे वगळले होते. ज्याच्या घरी चूल पेटण्याची विवंचना नाही, त्याच्याच निर्लोभतेला तेथे पावित्र्य लाभले.

सोलापूरच्या ग्रामदैवताची शिकवण निराळी आहे. बाराव्या शतकात श्रमसंघटनेतून येथील तलाव उभारणारे सिद्धरामेश्वर ज्या शरणपरंपरेत मानले जातात, तिने कायक, म्हणजे प्रामाणिक श्रम, हीच ईश्वरपूजा मानली, त्या कायकाचे न्याय्य मोल घेणे कमीपणाचे लेखले नाही, आणि मिळालेल्यातून समाजास अर्पण करण्याला दासोह म्हटले. याच परंपरेतील लक्कम्मेने, पतीने गरजेहून अधिक वेचून आणलेले तांदूळ परत नेण्यास लावले, अशी कथा आहे. मर्यादा घालणारी ती स्वतः त्या कष्टांची वाटेकरी होती, धान्याच्या कोठाराची मालकीण नव्हे, हे ध्यानात घेतले पाहिजे.

महाराष्ट्राच्या क्रीडेतिहासात या विचाराचे सर्वांत बोलके उदाहरण कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या मल्ल खाशाबा जाधवांचे. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला जाण्यासाठी पैसा अपुरा पडला, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन परतलेल्या खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने करून त्या कमाईतून ते घर सोडवले, असे सांगतात. कुस्तीचा पैसा घेतल्याने त्यांची साधना उणावली, असे म्हणण्यास कोणता मराठी माणूस धजावेल? उलट त्या पैशामुळेच कृतज्ञतेला कृतीचे रूप देता आले. गुरूच्या त्यागाचे गुणगान करताना मात्र, जो भार संस्थेने वाहावयाचा तो एका गृहस्थाच्या छपरावर का पडला, हे विचारण्याचे आपण सोयीस्करपणे टाळतो.

अमेरिकेचे अनुकरण करावे, असा याचा अर्थ नव्हे. तेथे वाटपाचा बहुतांश ओघ फुटबॉल आणि पुरुषांच्या बास्केटबॉलकडे, म्हणजे गल्ला भरणाऱ्या खेळांकडे वळतो. कायकाच्या न्यायाने मात्र पहाटे तालमीत उतरणाऱ्या मल्लाचा आणि खो-खोच्या मैदानावर धावणाऱ्या मुलीचा श्रम प्रेक्षकांच्या संख्येवर मोजता येत नाही. म्हणून खुराक, औषधोपचार व बुडालेल्या शिक्षणाची भरपाई या बाबी विद्यापीठाने कृपेच्या नव्हे, देण्याच्या सदरात, अंदाजपत्रकात मांडाव्यात. ते देणे पूर्णपणे चुकते झाल्यावर एखाद्या खेळाडूने आपला वाटा गरीब सहाध्यायास दिला, तर तो दासोह ठरेल. संस्थेने तो आधीच कापून ठेवला, तर त्यास धर्मशास्त्रातच नव्हे, साध्या जमाखर्चातही थकबाकीच म्हणावे लागेल.