अभावाची साक्ष

जी वस्तू केवळ तिच्या परिणामांवरून कळते, तिच्याविषयी निश्चयाने बोलण्याचा अधिकार माणसाला केव्हा प्राप्त होतो, हा नैयायिकांनी शतकानुशतके लढवलेला प्रश्न आज धातूंच्या ऑक्साइडांच्या पृष्ठभागावरील ऑक्सिजन मोजणाऱ्यांपुढेही उभा आहे. मार्स आणि व्हान क्रेव्हेलेन यांनी 1954 साली मांडलेल्या उपपत्तीप्रमाणे, व्हॅनेडियम ऑक्साइडवर नॅफ्थॅलिनसारख्या द्रव्याशी संयोग पावणारा ऑक्सिजन हवेतून थेट येत नसून ऑक्साइडच्या स्फटिकजालकातून निघतो, मागे रिक्त जागा सोडतो, आणि ती जागा हवेतला ऑक्सिजन नंतर भरून काढतो. म्हणजे या व्यवहारात जे नाही तेही कार्यकारी ठरते. उत्तरकालीन वैशेषिकांनी अभावाला सातवा पदार्थ मानले, ते मला येथे फार अर्थपूर्ण वाटते.

पण हा अभाव मोजायचा कसा? क्ष-किरणांनी पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन उडवून त्यांची बंधनऊर्जा काढली, की जालकातील ऑक्सिजनचे शिखर सुमारे 530 इलेक्ट्रॉन व्होल्टला दिसते, आणि त्याला लागूनच, 531 ते 532च्या दरम्यान, दुसरे लहानसे शिखर असते, ज्याची नोंद अनेक निबंधांत सरळ ‘रिक्त जागा’ अशी होते व ज्याच्या क्षेत्रफळावरून त्या जागांचा हिशेबही मांडला जातो. हे मला मान्य नाही. जेथे अणूच नाही तेथून इलेक्ट्रॉन सुटणार कोठून? शिवाय बाष्पाने निर्माण झालेल्या हायड्रॉक्सिलची आणि हवेतून जमलेल्या कार्बोनेटची साक्षही नेमकी तेथेच पडते. साध्य नसलेल्या स्थळीही आढळणाऱ्या हेतूस न्यायशास्त्र सव्यभिचार म्हणते, आणि त्यावर निवाडा देता येत नाही.

भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीला स्वतंत्र प्रमाण मानले खरे, परंतु वस्तू असती तर ती दिसलीच असती अशी परिस्थिती हवी, ही अट घालूनच. इलेक्ट्रॉन-स्पिन अनुनादाच्या यंत्रात सुपरऑक्साइड आपली ओळख देतो, कारण त्याच्यापाशी एक एकाकी इलेक्ट्रॉन असतो. पेरॉक्साइडचे सगळे इलेक्ट्रॉन जोडीने असल्यामुळे तो त्याच यंत्रापुढे मूक राहतो. त्या मौनावरून पेरॉक्साइड नाहीच असे ठरविणे म्हणजे काळोखात घट दिसला नाही म्हणून घटाभाव मानणे होय.

समस्थानिकांचा प्रयोग अधिक भक्कम. नेहमीच्या कार्बन मोनॉक्साइडसह 18 वस्तुमानाचा ऑक्सिजन उत्प्रेरकावरून सोडावा. बाहेर 44 वस्तुमानाचा कार्बन डायऑक्साइड आला तर त्यातील ऑक्सिजन जालकाचा, 46चा आला तर हवेच्या वाटेने आलेला. मात्र तयार झालेला कार्बन डायऑक्साइडही पृष्ठभागाशी आपल्या ऑक्सिजनची अदलाबदल करू शकतो, म्हणून 46चा निघूनही 44चा होऊन बाहेर पडणे संभवते. तेव्हा प्रथम नुसता 18 वस्तुमानाच्या ऑक्सिजनचा कार्बन डायऑक्साइड त्याच तापमानास त्याच उत्प्रेरकावरून सोडून ही अदलाबदल किती होते, याची खातरजमा करून घ्यावी लागते.