नको म्हणजे नेमकं काय?

वज्रेश्वरीजवळ अकलोलीला गरम पाण्याची कुंडं आहेत. भली भली माणसं तिथं राजीखुशीनं स्वतःला उकडून घेतात. आधी अंगठा, मग घोटा, मग 'हाश्शहुश्श' करीत कंबर. एखादे काका पाठ रगडून घेताना 'मेलो, मेलो' ओरडतात आणि रगडणारा थांबला की विचारतात, "थांबलास का रे?" माणसाला दुःख नको असतं, हे तत्त्वज्ञांचं मत कुंडाकाठी तरी टिकत नाही.

काही जोडपी खासगीतही बांधून घेणं, फटके, हुकूम यांत सुख शोधतात. बी.डी.एस.एम. म्हणतात त्याला. ऐकूनच आपण कानांवर हात ठेवतो. पण त्यांची एक रीत मला आपल्या पंगतीपेक्षा सुधारलेली वाटते. काय चालेल, काय नाही, दोर कापायची कात्री कुठं, हे आधी ठरतं. (यात विलायती काही नाही. वसई मिळाली तर देऊळ बांधीन, अशी अट चिमाजीअप्पांनी वज्रेश्वरीलाच घातली होती म्हणतात. १७३९ साली वसई पडली.) शिवाय थांबण्यासाठी एक वेगळाच शब्द ठरवतात. समजा, 'दुधीभोपळा'. कारण 'नको, नको' हा खेळातलाच भाग असू शकतो. दुधीभोपळा म्हटलं की हात थांबलाच पाहिजे. तोंड बांधलेलं असेल तर मुठीतली वस्तू खाली टाकायची.

आपल्याकडे 'नको' हा जिलबी मागण्याचा सभ्य प्रकार! ताटावर आडवं पडल्याखेरीज वाढप्याला खरं वाटत नाही. जिलबीपुरतं ठीक आहे हो. पण याच पंगतीत वाढलेला मुलगा पुढं मुलीच्या 'नको'चाही अर्थ लावत बसतो.

भीतीपोटी दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हे १८६० च्या दंडसंहितेनं सांगितलं. २०२४ पासूनच्या न्याय संहितेतही ते आहे. मौजेखातर तलवारबाजी खेळणाऱ्या दोघांचं उदाहरणही कायद्यात आहे. सरळ खेळात लागलं तर गुन्हा नाही. जाणूनबुजून जबर इजा केली तर मात्र 'तो हो म्हणाला होता' ही सबब चालत नाही. इतका सूक्ष्म विचार करणारा हाच कायदा सज्ञान बायकोच्या बाबतीत नवऱ्याला बलात्काराच्या व्याख्येतून अजून वगळतो. म्हणजे बोहल्यावरचा एक 'हो' जन्मभर पुरवायचा!

हे सगळं मी आमच्या हिला मोठ्या उत्साहानं ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घरोघरी बायकांचं डोकं नेमकं रात्रीच का दुखतं, वाटलं तुम्हाला? तोच आमचा दुधीभोपळा."