मीठ कोणाचे?

दिवाळीच्या फराळाला बसलेल्या चार माणसांत एखादा निवृत्त सुभेदार असला, की आमच्या कोल्हापूरकडे गप्पा हमखास पलटणीवर जातात. शिरोळ तालुक्यातल्या सैनिक टाकळीने तर सैनिक नावातच मिरवला आहे. खाल्ल्या मिठाला जागावे, हे या मुलखात लहानपणीच कानी पडते. मला मात्र एक शंका नेहमी छळते. मीठ कोणाचे, हे ठरवायचे कोणी?

१९०६ साली जन्मलेल्या दोन मराठ्यांचीच गोष्ट घ्या. शंकरराव थोरात कोल्हापूरचे, जगन्नाथराव भोसले सावंतवाडीकडचे. दोघेही सँडहर्स्टला शिकून इंग्रजी फौजेत अधिकारी झाले. १९४२ च्या फेब्रुवारीत सिंगापूर पडले, भोसले कैद झाले आणि पुढे आझाद हिंद सेनेत जनरलच्या हुद्द्याला पोचले. थोरात १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशात कांगॉ येथे जपान्यांशी झुंजत होते. त्यांच्या जोडीला दुसऱ्या पलटणीचे नायक थिमय्या. आणि थिमय्यांचे थोरले बंधू आझाद हिंद सेनेत!

एकाने शपथ मोडली, दुसऱ्याने पाळली, एवढे म्हणून भागत नाही. सिंगापूरच्या फॅरर पार्क मैदानावर हजारो हिंदी शिपायांना एका इंग्रज अधिकाऱ्यानेच जपान्यांच्या हवाली केले. ज्याला वचन दिले तोच हात झटकून मोकळा झाला, तर वचन उरले कोणाशी? शिवाय युद्धापूर्वी पगाराचा पैसा लंडनहून थोडाच येत होता? तो मुख्यतः इथल्याच रयतेने भरलेल्या करांतून निघे. भोसल्यांना निमकहराम म्हणायला माझी जीभ रेटत नाही. थोरातांना बोल लावायलाही नाही. ते ज्या फौजेत राहिले, ती १९४७ नंतर आपलीच झाली.

पण कैदेत घेतलेला निर्णय कितीसा मोकळा, असे कोणी विचारील. म्हणून अगदी मोकळ्या माणसाकडे पाहू. फ्रान्सचे जनरल देलेस्त्रँ १९४० च्या पराभवानंतर निवृत्त होऊन घरी बसले होते. साठी उलटलेली, कोणाची सक्ती नाही. सत्तेवर मार्शल पेतँ, जर्मनांपुढे झुकलेले. तरी १९४२ मध्ये त्यांनी भूमिगत गुप्त सेनेचे नेतृत्व पत्करले, आणि तेही द गोल यांच्या हुकमाखाली, जे युद्धापूर्वी त्यांच्याच हाताखाली होते. (आपल्याकडे एखाद्या निवृत्त मामलेदाराला जुन्या कारकुनाचा हुकूम मानायला सांगून पाहावे!) १९४३ च्या जूनमध्ये ते पॅरिसला पकडले गेले. १९ एप्रिल १९४५ रोजी दाखाउच्या छावणीत त्यांना ठार केले. दहाच दिवसांनी अमेरिकन सैन्य तिथे पोचले. त्यांच्या निर्णयात मला कसलीच भेसळ दिसत नाही. भोसल्यांच्या निर्णयाभोवती मात्र तुरुंगाची भिंत होती, आणि ती विसरून दोघांना एका तराजूत घालणे मला अन्यायाचे वाटते.

स्वतंत्र भारतालाही हा हिशेब सरळ मांडता आला नाही. भोसले केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. त्यांच्या सैनिकांना मात्र फौजेत परत घेतले नाही.

आणि तिसरेही होते. आझाद हिंद सेनेत न जाता कैदेतच राहिलेले शिपाई. त्यांतल्या हजारोंना जपान्यांनी न्यू गिनी आणि न्यू ब्रिटनच्या बेटांवर मजुरीला नेले. उपासाने, रोगाने कितीतरी जण तिथेच गेले. बंड करणाऱ्यांना जयजयकार मिळाला, लढून जिंकणाऱ्यांना पदके. यांच्यासाठी आपल्या बोलण्यातसुद्धा जागा नाही. त्यांनी राखले ते इंग्रजाचे मीठ, की आपला शब्द, हे मला अजून सांगता येत नाही.